कॉकाटीलच्या पिलांचे हाती संगोपन व त्यांना माणसाळवणे

ग्रामीण भागात पक्षी पाळावयाचे म्हटले म्हणजे कोंबडी, बदक व क्वचित कबूतर एवढ्यांचाच विचार होत असे. अलीकडे मात्र शहरालगतच्या गावांतून, आणि आता आडवळणाच्या खेड्यांतूनही, ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यात लहान परदेशी पोपट दिसू लागले आहेत. त्यांत दोन जाती मुख्य आहेत. एक बजरीगर, ज्यास आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. आणि दुसरी डोक्यावर तुरा व गालावर केशरी ठिपका असलेली कॉकाटील, जिला पक्ष्यांच्या बाजारात ‘कॉकटेल’ हे नाव पडले आहे. दोन्ही मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील, त्यामुळे आपले हवामान त्यांना मानवते. कॉकाटीलचे हातावर बसणारे, शीळ घालणारे पिलू चांगल्या किमतीस जाते असे ऐकून अनेक तरुण ह्या जोडधंद्याकडे वळतात. दुर्दैवाने त्यांतील पुष्कळांची पहिली पिले हातातच दगावतात. ती का दगावतात व कशी वाचवावी, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या रानातील हिरवा पोपट, म्हणजे कंठवाला राघू, तसेच मोठा पोपट, टुइयाँ इत्यादी सर्व देशी जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांची पिले ढोलीतून काढणे, विकणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. आजोबांच्या काळापासून घरात राघू आहे हे कारण तेथे चालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी वादळाने आंब्या-चिंचेची जुनी फांदी मोडते व पोपटाचे पिलू खाली पडते. अशा वेळी मुले ते घरी आणतात व डाळ भरवू लागतात. हे योग्य नव्हे. ढोली शाबूत असेल व पिलू धडधाकट असेल तर त्यास परत ढोलीत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिलास टाकून देतात ही समजूत चुकीची आहे. ढोली मोडली असेल किंवा पिलू जखमी असेल तर छिद्रे पाडलेल्या खोक्यात उबेला ठेवून वनरक्षकास कळवावे. पुढील सर्व विवेचन केवळ पिंजऱ्यात जन्मलेल्या कॉकाटीलविषयी आहे, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांस आवर्जून सांगावे. मकाव, आफ्रिकेतील करडा पोपट यांसारख्या इतर परदेशी पक्ष्यांसाठी वनखात्याकडे नोंदणी आवश्यक असते. कॉकाटील व बजरीगर यांस ती लागत नाही.

एकदा एका गावी मला एका शाळकरी मुलाने बुटांच्या खोक्यात ठेवलेली चार पिले दाखविली. वय सुमारे दोन आठवडे. अंगावर पिसांचे कोंब नुकतेच फुटलेले. त्याने ती बाजारातून आणली होती. “साहेब, दूध-पाव देतो की, पोटभर देतो. तरी रोज एक मान टाकतंय,” तो म्हणाला. एका पिलास हात लावून पाहिले तर ते गार होते, आणि गळ्याखालील पिशवी फुगून घट्ट झाली होती. मुलाच्या मायेत काही उणे नव्हते. पिलू गार पडले की त्याचे पचन थांबते, ही एकच गोष्ट त्यास कोणी सांगितली नव्हती. शिवाय पक्ष्यांना दुधातील साखर पचविता येत नाही. त्या चारांतील एकच पिलू जगले.

म्हणून आहाराच्या आधी ऊब. कॉकाटीलची मादी साधारणतः चार ते सहा अंडी एक दिवसाआड घालते, नर व मादी दोघेही आळीपाळीने बसतात, आणि अठरा ते एकवीस दिवसांत पिले बाहेर पडतात. जन्मतः पिलू जेमतेम पाच ग्रॅमचे, आंधळे व पिवळसर लव असलेले असते. स्वतःचे शरीर गरम ठेवण्याची शक्ती त्यास नसते. त्यास पहिल्या दिवसांत सुमारे ३६ अंश सेल्सिअस उष्णता लागते; पिसांचे कोंब फुटू लागले की ३० ते ३२ अंश पुरते, आणि अंग पिसांनी झाकले गेल्यावर २५ अंशांच्या आसपास. कोंबडीच्या पिलांसाठी आपण जो ब्रूडर करतो त्याचीच लहान आवृत्ती येथे करावी. लाकडी वा जाड प्लॅस्टिकचे खोके, बाजूस वायुवीजनाची छिद्रे, एका टोकास जाळीआड कमी वॅटचा दिवा किंवा उष्णता देणारा चिनी मातीचा हीटर, आणि पिलांच्या उंचीवर एक थर्मामीटर. दिवा एकाच टोकास असावा, म्हणजे पिलास नको वाटल्यास दूर सरकता येते. आतील हवा अगदी कोरडी होऊ नये म्हणून झाकणाला भोके पाडलेल्या डबीत पाणी ठेवावे. दिवा कापडास वा कागदास टेकणार नाही याची खात्री करावी. आगीचे प्रकार घडतात ते येथेच. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी, आणि ती सोय आधीच करून ठेवावी, अंधारात धावपळ करू नये.

थर्मामीटर बिघडू शकतो, पिलू मात्र खोटे बोलत नाही. चोच उघडून धापा टाकीत व पंख अंगापासून दूर धरून ती पांगली असतील तर उष्णता जास्त आहे. एकमेकांवर चढून, थरथरत, सतत ओरडत असतील तर कमी आहे. माना एकमेकांवर टाकून शांत झोपली असतील तर ठीक आहे. खाली वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद अंथरू नये. त्यावर पाय घसरून फाकतात व पिलू जन्माचे लंगडे होते. खरखरीत कापड, त्यावर टिपकागद, आणि तो दिवसातून दोन-तीन वेळा बदलावा. भुसा व लाकडाचा चुरा पिले गिळतात, म्हणून तोही नको.

आता प्रश्न असा की पिलू घरट्यातून काढावे केव्हा? नवशिक्याने दोन आठवड्यांच्या आतील पिलू मुळीच हाती घेऊ नये. त्या वयात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, भरवावे लागते. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉकाटीलच्या पिलांवर जे आहारविषयक प्रयोग झाले त्यांत असे दिसून आले की, पहिल्या चार दिवसांत आहार अतिशय पातळ, म्हणजे शेकडा पाच ते सात भाग घन पदार्थाचा, असावा लागतो व पुढे तो शेकडा पंचवीस ते तीस भागांपर्यंत दाट करावा लागतो. तसेच वाढीसाठी आहारात सुमारे वीस टक्के प्रथिने सर्वांत चांगली ठरली. ही नाजूक पहिली पायरी आईबाप आपणहून उत्तम प्रकारे पार पाडतात. पिलाचे वय अडीच ते तीन आठवडे झाले, म्हणजे डोळे उघडून, पिसांच्या नळ्या काट्यांसारख्या दिसू लागल्या की मग ते हाती घेण्यास हरकत नाही.

आहारासाठी पक्ष्यांच्या पिलांकरिता तयार केलेली भुकटी बाजारात मिळते. घरगुती मिश्रणांपेक्षा तीच वापरावी असे माझे मत आहे. हरभऱ्याची भिजवलेली डाळ वाटून देण्याची जुनी चाल आहे. त्यावर एखादे पिलू जगते, परंतु चुना व जीवनसत्त्वे यांच्या अभावी हाडे मऊ राहतात. आडवेळी भुकटी नसेल तर एखाद्या दिवसापुरती मऊ शिजवून गाळलेली दलियाची पेज व उकडलेल्या अंड्याचा बलक यावर निभावून न्यावे, आणि दुसऱ्या दिवशी भुकटी आणावी. मिश्रण उकळून कोमट केलेल्या पाण्यात, दर खेपेस ताजे करावे. उरलेले टाकून द्यावे, पुन्हा गरम करून देऊ नये. दाटपणा साधारणतः पातळ पिठल्याइतका असावा.

ह्या साऱ्या कामात ज्या एका गोष्टीवर पिलाचे जगणे-मरणे अवलंबून असते ती म्हणजे मिश्रणाची उष्णता. ती ३८ ते ४० अंश सेल्सिअस असावी, आणि ती बोटाने नव्हे, थर्मामीटरने मोजावी. शेतात राबणाऱ्या हाताच्या कातडीस जे कोमट वाटते ते पिलाच्या अन्नपिशवीस भाजणारे असू शकते. ४३ अंशांच्या वर गेलेले मिश्रण पिशवीची आतील बाजू पोळते. पिलू त्या दिवशी नेहमीप्रमाणे खाते, काही दिसत नाही. काही दिवसांनी गळ्याखालची कातडी लाल होते, खपली धरते, आणि एके सकाळी छातीवरून पेज ओघळताना दिसते. पिशवीस भोक पडलेले असते. त्यास पशुवैद्यकाकडून टाके घालावे लागतात. मायक्रोवेव्ह भट्टीत गरम केलेल्या मिश्रणात हा धोका विशेष, कारण ते वर कोमट व मध्ये कढत असते. याउलट थंड मिश्रण पिलू खात नाही, आणि खाल्लेच तर ते पिशवीत तसेच पडून आंबते. म्हणून भरवताना वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी व मिश्रण वरचेवर ढवळावे.

भरवण्यासाठी सुई काढलेली दहा मिलिलीटरची सिरिंज किंवा कडा आत वळवलेला लहान चमचा वापरावा. चमच्याने वेळ लागतो, पण पिलू आपल्या गतीने गिळते. नवशिक्यास चमचाच बरा. पिलास मेजावर फडक्यावर बसवावे. एका हाताने डोके मागून, जबड्याच्या दोन्ही बाजूंस बोटे ठेवून, हलके आधारावे. पक्ष्याची अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने जाते, म्हणून सिरिंज पिलाच्या चोचीच्या डाव्या बाजूने आत घेऊन टोक उजवीकडे वळवावे. चोचीच्या कोपऱ्यास स्पर्श होताच भुकेले पिलू मान वरखाली हलवून घटाघटा गिळू लागते. त्या हालचालीच्या वेळी श्वासनलिकेचे तोंड बंद असते; तेव्हाच मिश्रण सोडावे. मान हलविणे थांबले की आपणही थांबावे. पिलू तयार नसताना जबरीने पिचकारी मारल्यास मिश्रण फुप्फुसात जाते, आणि मग ते तत्काळ गुदमरते किंवा दोन-तीन दिवसांत न्यूमोनियाने जाते. घाईत असलेल्या माणसाने पिलू भरवू नये. ते काम दुसऱ्यास सांगावे.

एका वेळी किती द्यावे, याचा सोपा हिशेब वजनाच्या दहावा हिस्सा हा आहे. साठ ग्रॅमच्या पिलास सहा मिलिलीटर. पिशवी भरलेली पण मऊ, पाणी भरलेल्या फुग्यासारखी हाताला लागावी. टणक झाली तर जास्त झाले. तिसऱ्या आठवड्यात दिवसातून चार वेळा, चौथ्यात तीन वेळा, पाचव्या-सहाव्यात दोन वेळा पुरते. रात्री अकरानंतर पहाटेपर्यंत विश्रांती द्यावी, कारण चोवीस तासांतून एकदा पिशवी पूर्ण रिकामी झालीच पाहिजे. पहिल्या भरवणीपूर्वी रोज सकाळी पिलास ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर तोलून वहीत लिहावे. सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरात वापरतात तो पुरतो. पाचव्या आठवड्यापर्यंत वजन रोज वाढले पाहिजे. उडण्याच्या सुमारास ते शेकडा दहा ते पंधरा घटते. तो रोग नव्हे, शरीर हलके होत असते.

सकाळी पिशवीत रात्रीचे अन्न तसेच असेल व आंबूस वास येत असेल तर वर नवे अन्न घालू नये. ब्रूडरची उष्णता तपासावी, थोडे कोमट पाणी द्यावे, बाहेरून हळुवार चोळावे, आणि काही तासांत फरक न पडल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. पिलू उलटे धरून पिशवी पिळण्याचा उपाय काहीजण सांगतात. त्याने पिलू हमखास गुदमरते. सिरिंज, चमचा व वाटी प्रत्येक खेपेनंतर साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढावी.

आता माणसाळवण्याविषयी. लोकांचा पक्का समज असा की, पिलू हाताने भरविले तरच ते माणसाळते. हे अर्धसत्य आहे. डेव्हिस येथेच अमेझॉन जातीच्या पोपटांवर केलेला व १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात पिले आईबापांपाशीच ठेवली, भरविले आईबापांनीच. माणसांनी फक्त नियमितपणे त्यांना घरट्याबाहेर काढून हाताळले. मोठेपणी ही पिले न हाताळलेल्या पिलांपेक्षा स्पष्टपणे माणसाळलेली निघाली. ज्याच्याकडे कॉकाटीलची जोडी घरचीच आहे त्याने हीच पद्धत धरावी असा माझा आग्रह आहे. दोन आठवड्यांपासून रोज दहा-पंधरा मिनिटे पिलू ओंजळीत घ्यावे, हात आधी ऊन करून घ्यावेत, हळू आवाजात बोलावे, घरातील निरनिराळ्या माणसांनी घ्यावे, आणि गार पडण्यापूर्वी परत ठेवावे. आईबाप रागावलेले असतील तर ते पेटीबाहेर खाण्यास येतील ती वेळ साधावी. कष्ट कमी, धोका कमी, आणि पिलास पक्ष्याची रीतही कळते. एकट्याने, दुसरा पक्षी न पाहता वाढलेले पिलू पुढे आपल्या जातीच्या जोडीदाराकडे नीट वळत नाही, आणि जोडी लावून पिले घेऊ इच्छिणाऱ्यास ते निरुपयोगी ठरते. म्हणून हाताने भरवावयाचे झाले तरी दोन-तीन पिले एकत्र ठेवावी.

पिलू हातात धरताना छाती दाबू नये. पक्ष्यास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे होऊनच त्याचा श्वास चालतो, ती दाबली की श्वास बंद. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिलू उभे राहू लागले की तर्जनी आडवी धरून पायांच्या किंचित वर पोटास टेकवावी. ते आपोआप बोटावर पाऊल टाकते. लगेच तोंडभर कौतुक व राळ्याच्या कणसाचा एक तुरा. पाच-दहा मिनिटांचा हा पाठ दिवसातून तीनदा द्यावा, अर्धा तास एकदम नको. पिलाने चोच मारली तर हात झटकू नये, टपली मारू नये. हात तसाच स्थिर ठेवावा व क्षणभराने पाठ आटोपता घ्यावा. एकदा मारलेला पक्षी कित्येक महिने हात विसरत नाही. मिरची दिल्याने पक्षी बोलतो ही समजूतही सोडावी. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि त्यांचा आवाज जिभेतून नव्हे, श्वासनलिकेच्या बुडाशी असलेल्या स्वरयंत्रातून निघतो. कॉकाटीलचा नर शीळ चांगली शिकतो, शब्द थोडेच. गिऱ्हाइकास अधिक सांगून फसवू नये.

पंख कापावयाचे तर पिलू एकदा नीट उडावयास शिकल्यावरच. आधी कापल्यास ते भित्रे व अडखळणारे होते. कॉकाटील रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडते, म्हणून जवळ एक मंद दिवा ठेवावा.

सहाव्या आठवड्यापासून पिंजऱ्याच्या तळाशी भिजवलेली बाजरी, राळ्याची कणसे, मऊ शिजवलेला मका, कोथिंबीर व शेवग्याचा पाला ठेवावा. पिलू प्रथम नुसते कुरतडते व सांडते, सांडू द्यावे. दाणा सोलून गिळू लागले की दुपारची भरवणी बंद, मग सकाळची, शेवटी रात्रीची. सात ते दहा आठवड्यांत हे घडते. रडणाऱ्या पिलास उपाशी ठेवून ‘सवय’ लावू नये. येथे शेतकऱ्यांस एक विशेष इशारा. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे पक्ष्यांस कधीही घालू नये. थोड्या दाण्यांनीही ते मरतात. फवारणी केलेल्या पिकाचा पालाही नको. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती आणि तापून कोरडा पडलेला नॉनस्टिक तवा, ह्यांच्या वाफांनी लहान पक्षी काही मिनिटांत दगावतो. तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नसावा.

कोंबड्यांच्या खुराड्याजवळही तो टांगू नये, कारण राणीखेत दोघांसही होतो. बाहेरून आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसास सिटाकोसिस नावाचा ताप येऊ शकतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने तो होतो. पिंजरा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, नाकास फडके बांधावे. ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला आल्यास घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांस सांगावे, कारण ते न सांगितल्यास साधा ताप समजून उपचार लांबतो.

विक्री करणाऱ्याने पूर्ण दाणा खाऊ लागलेले पिलूच द्यावे. आणखी दोन आठवडे भरविण्याचे ओझे अननुभवी गिऱ्हाइकावर टाकून स्वस्तात विकलेली पिले बहुधा आठवडाभरात मरतात, व नाव विकणाऱ्याचे जाते. पिलाबरोबर वजनाच्या वहीची नक्कल व सध्या खात असलेला थोडा दाणा द्यावा. दुकान थाटून विक्री करावयाची असल्यास पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. त्याची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी.